रेनॉक्स डीसीआर-150: नखाएवढ्या फुलपाखरांसाठी लेन्सपुढे लावायचे भिंग

पावसाळा ओसरू लागला, की पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या गवतात, घोट्याच्या उंचीवर, करड्या-निळ्या फुलपाखरांची ये-जा वाढते. एकदांडीच्या पिवळ्या-पांढऱ्या फुलावर ती पंख मिटून बसतात, आणि आपण त्यांना सरसकट ‘ग्रास ब्ल्यू’ म्हणून पुढे जातो. प्रत्यक्षात तिथे पेल, डार्क, लेसर आणि टायनी अशा चार ग्रास ब्ल्यूंपैकी कोणतीही जात असू शकते, आणि त्या ओळखण्याच्या खुणा पंखांच्या खालच्या बाजूवरच्या ठिपक्यांत असतात. पुढच्या पंखाच्या मधल्या कप्प्यात ठिपका असेल तर फुलपाखरू पेल किंवा डार्क असते आणि नसेल तर लेसर किंवा टायनी. लेसरच्या मागच्या पंखावर ठिपक्यांची जी कमान असते, तिच्यातला वरच्या कडेजवळचा एक ठिपका ओळ सोडून आत सरकलेला असतो, तर टायनीच्या पुढच्या पंखाच्या वरच्या कडेवर मध्यावर एक ठिपका जास्तीचा असतो. हे ठिपके एवढे लहान असतात, की छायाचित्रात ते स्वच्छ उतरले नाहीत तर नोंदीत ‘जात अनिश्चित’ असेच लिहावे लागते. माझ्या जुन्या नोंदींत हा शेरा फार वेळा आला आहे, आणि तो पुसण्यासाठीच तीन पावसाळ्यांपूर्वी मी रेनॉक्स डीसीआर-150 हे भिंग घेतले.

रेनॉक्स ही जपानी नाममुद्रा आहे. डीसीआर-150 ही स्वतंत्र लेन्स नसून, आपल्याकडे असलेल्या लेन्सच्या तोंडावर बसवायचे 4.8 डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजतात तेच एकक) शक्तीचे भिंग आहे. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या एका काचेच्या क्लोज-अप फिल्टरपेक्षा ते मुळात वेगळे आहे. एकेरी काचेतून काढलेल्या छायाचित्रात पांढऱ्या पंखाच्या कडेला जांभळी-हिरवी झालर दिसते आणि चौकटीच्या कडेचा भाग विरघळल्यासारखा होतो. इथे अनेक काचा एकत्र बसवून हा रंगदोष बराच आवरला आहे. भिंगासोबत स्प्रिंगच्या दोन खटक्यांची एक प्लास्टिकची कडी मिळते. दोन्ही बाजूंचे खटके दाबून ती लेन्सच्या पुढच्या आट्यांमध्ये अडकवायची असते, आणि 52 ते 67 मिलिमीटर व्यासाच्या कोणत्याही लेन्सवर ती बसते.

मी ते कॅननच्या 55-250 मिलिमीटर एसटीएम झूमवर वापरते. अनेक हौशी निरीक्षकांकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली हीच लेन्स असते, म्हणून तिचाच हिशेब मांडते. ही लेन्स 85 सेंटिमीटरपेक्षा जवळ फोकस करत नाही आणि तिचे कमाल वर्धन 0.29 आहे, म्हणजे 10 मिलिमीटरचा पंख कॅमेऱ्यातल्या चित्र नोंदवणाऱ्या संवेदकावर जेमतेम 3 मिलिमीटर उमटतो. संवेदकाची रुंदी सुमारे 22 मिलिमीटर असल्याने तो चौकटीच्या आठव्या हिश्शाएवढी जागा घेतो. कागदावर एवढेही पुरेसे वाटते. परंतु टेकडीवर फुलपाखरू दीड मीटरवर असते, गवत वाऱ्याने हलत असते, आणि घरी येऊन चित्र मोठे केले की ठिपक्याच्या जागी धूसर डाग दिसतो. भिंग लावून झूम 250 वर नेल्यास वर्धन सुमारे 1.2 होते. तोच पंख आता 12 मिलिमीटर उमटतो, म्हणजे चौकटीचा निम्म्याहून अधिक भाग व्यापतो. ठिपका, त्याभोवतीचे पांढरट वलय, पंखाच्या कडेची झालर आणि पट्टेदार मिशा हे सगळे मोजता येईल इतके स्पष्ट होते. या वर्धनासाठी प्रकाशाची किंमत मोजावी लागत नाही. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायच्या नळ्यांनी जसा प्रकाश घटतो तसा तो इथे घटत नाही, आणि पावसाळी ढगाळ सकाळी ही मोठी सोय ठरते.

फुलपाखरांच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचे वाटते ते भिंगापासून फुलपाखरापर्यंत राहणारे अंतर. कॅमेऱ्याच्या लेन्सचा फोकस अनंतावर, म्हणजे अगदी दूरवर, ठेवला तर हे अंतर सुमारे 21 सेंटिमीटर असते. कॅननची 100 मिलिमीटर एल मॅक्रो, म्हणजे खास जवळून टिपण्यासाठीची लेन्स, ही या कामातली उत्तम लेन्स मानली जाते आणि ते योग्यच आहे, परंतु पूर्ण वर्धनावर तिच्या तोंडापासून फुलपाखरापर्यंत साधारण 13 सेंटिमीटरच उरतात. कोळी किंवा मुंगी एवढे जवळ येऊ देते. ऊन खाऊन तापलेली ब्ल्यू सहसा येऊ देत नाही. याच कारणाने रेनॉक्सचेच अधिक शक्तीचे डीसीआर-250 मी फुलपाखरांसाठी सुचवणार नाही. त्याची शक्ती 8 डायॉप्टर आहे, त्यामुळे वर्धन दुपटीपर्यंत जाते, पण अंतर 12-13 सेंटिमीटरवर येते. अंडी आणि नुकत्याच बाहेर आलेल्या सुरवंटांचा अभ्यास करणाऱ्यांनी मात्र त्याचाच विचार करावा, कारण अंडे उडून जात नाही.

आता मर्यादांकडे वळते. घेण्यापूर्वी त्या नीट समजल्या नाहीत तर पहिल्याच आठवड्यात निराशा होते. भिंग लावले असताना कॅमेरा साधारण 16 ते 21 सेंटिमीटर एवढ्याच पट्ट्यात फोकस करू शकतो आणि त्यापलीकडचे सारे जग धुक्यात जाते. दोन हात अंतरावर बसलेले फुलपाखरू आधी टिपून, मग एकेक पाऊल पुढे सरकत आणखी छायाचित्रे घेण्याची जी चांगली सवय आपण लावून घेतलेली असते, ती इथे मोडते. खऱ्या मॅक्रो लेन्सचा मोठेपणा याच ठिकाणी आहे, कारण ती दूरचे आणि जवळचे दोन्ही एकाच दमात टिपते. मी आता ठरावीक क्रम पाळते. प्रथम भिंगाशिवाय, लांबून, नोंदीपुरते एक छायाचित्र घेते. मग खटके दाबून भिंग चढवते आणि जमिनीलगत पुढे सरकते. चढवायला दोन सेकंद लागतात, परंतु हाताची ती हालचाल फुलपाखराला दिसते, म्हणून ती छातीजवळ आणि सावकाश करावी.

दुसरी अडचण फोकसच्या खोलीची आहे. 1.2 वर्धनाला, लेन्सचे छिद्र एफ 11 इतके लहान करूनसुद्धा, स्पष्ट दिसणारा थर अर्धा मिलिमीटरही जाडीचा नसतो. कॅमेरा जरा तिरका असला तर पंखाचे मूळ स्पष्ट आणि टोक पुसट, असे होते. यावरचा उपाय भिंगात नाही, बसण्यात आहे: कोपर जमिनीला टेकवून संवेदक मिटलेल्या पंखाला समांतर धरायचा, स्वयंचलित फोकस बंद करायचा, आणि श्वास सोडताना केसभर पुढे-मागे होत छायाचित्रे घ्यायची. स्वयंचलित फोकस चालत नाही असे नाही, परंतु एवढ्या जवळून तो पुढे-मागे चाचपडत राहतो आणि तेवढ्यात फुलपाखरू उडून जाते. दहा छायाचित्रांतले एखादेच नोंदीच्या उपयोगाचे निघते, आणि मला ते प्रमाण मान्य आहे. झूम लहान टोकाकडे नेल्यास चौकटीचे कोपरे काळवंडतात, म्हणून 100 च्या खाली मी जात नाही.

मोठ्या फुलपाखरांसाठी हे भिंग निरुपयोगी आहे, आणि त्यात त्याचा दोष नाही. ब्लू मॉरमॉन म्हणजे राणी पाकोळी, 2015 मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेली. तिच्या पंखांचा विस्तार 120 मिलिमीटरच्या पुढे जातो, आणि या भिंगातून चौकटीत मावतात जेमतेम 19 मिलिमीटर. ताम्हिणीच्या ओढ्याकाठी ओल्या वाळूतून क्षार शोषत बसलेला ब्ल्यूबॉटल फुलपाखरांचा थवा दिसला तर भिंग खिशातच राहू द्यावे. पश्चिम घाटात फुलपाखरांच्या 330 हून अधिक जाती आहेत आणि त्यांत ब्ल्यू व स्किपर या दोन कुळांचा वाटा फार मोठा आहे. आपल्या याद्यांत हीच दोन कुळे नेहमी उणी राहतात, कारण ती लहान आहेत आणि लांबून एकसारखी दिसतात. या भिंगाचे काम तिथे आहे.

ते काम ओळख पटवण्यावरही थांबत नाही. पी ब्ल्यू हे फुलपाखरू बसल्यावर मागचे पंख एकमेकांवर वर-खाली घासते हे मी अनेक वर्षे पाहत होते, परंतु पंखाच्या मागच्या कोपऱ्यातले दोन काळे ठिपके, त्यांवरची नारिंगी कड, त्यांत चमकणारे निळसर-हिरवे खवले आणि शेजारची केसासारखी शेपटी एकत्रितपणे डोळे व मिशा असलेल्या खोट्या डोक्याचा भास कसा निर्माण करतात, ते या भिंगातून काढलेल्या पहिल्या चांगल्या छायाचित्रात मला पुरते कळले. पक्षी किंवा सरडा त्या खोट्या डोक्यावर झडप घालतो, पंखाचा तुकडा तुटतो, आणि फुलपाखरू वाचते. त्यानंतर जुन्या छायाचित्रांत नेमका तोच कोपरा तुटलेल्या ब्ल्यू किती आहेत हे मी मोजू लागले. पूर्वी अशी फाटकी फुलपाखरे मी ‘चांगली नाहीत’ म्हणून टिपतच नव्हते, याचे आता वाईट वाटते.

घरच्या कुंड्यांनाही याचा फार उपयोग झाला. कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर लाइम किंवा कॉमन मॉरमॉन फुलपाखराने घातलेले फिकट पिवळे अंडे जेमतेम मिलिमीटरभराचे असते. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ते सुमारे 320 पिक्सेल रुंदीचे उमटते. अंड्यातून बाहेर पडलेला सुरवंट प्रथम आपले रिकामे कवचच खातो, हा प्रसंग टिपायला तेवढे पुरते. पानफुटीच्या जाड पानाच्या आत शिरून ते पोखरणारा रेड पिएरो फुलपाखराचा सुरवंट, त्याच्याभोवती फिरणाऱ्या मुंग्या, हे सारे खिडकीच्या उजेडात, घाई न करता पाहता येते. एक विनंती मात्र आवर्जून करते. चांगल्या उजेडासाठी अंडे असलेली डहाळी तोडणे, किंवा फुलपाखरू हलू नये म्हणून त्याला गारव्यात ठेवणे, असे प्रकार कोणी करू नयेत. 21 सेंटिमीटरचे अंतर मिळाल्यावर त्यांना कसलेही निमित्त उरत नाही.

टिकाऊपणाविषयी सांगायचे, तर काच तीन पावसाळ्यांनंतरही निर्दोष आहे. मी ती मऊ कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, कारण सह्याद्रीतल्या दमटपणात काचेला बुरशी धरायला वेळ लागत नाही. प्लास्टिकची कडी मात्र झुडपातून सरपटताना फांदीला अडकली की निसटू शकते. भिंगाच्या स्वतःच्या आट्या 43 मिलिमीटरच्या असल्याने, त्या मापावरून आपल्या लेन्सच्या मापावर नेणारी धातूची रिंग घेऊन ते पक्के आवळता येते. ताम्हिणीसारख्या ठिकाणी मी तसेच करते; टेकडीवर, जिथे काढ-घाल सतत लागते, तिथे कडीच बरी.

ज्यांच्याकडे आधीच मॅक्रो लेन्स आहे त्यांनी यावर पैसे घालवू नयेत. केवळ मोबाइलवर छायाचित्रे घेणाऱ्यांनाही ते उपयोगाचे नाही. ज्यांच्याकडे 200 मिलिमीटरच्या वर जाणारी झूम आहे आणि मॅक्रो लेन्सचे काही दहा हजार रुपये आज हाताशी नाहीत, त्यांना काही हजारांत मिळणारे हे भिंग मी मनापासून सुचवते. ते लावून गेल्या सप्टेंबरात टेकडीच्या एकाच वळणावर मला लेसर आणि टायनी या दोन्ही ग्रास ब्ल्यू, एकमेकींपासून हातभर अंतरावरच्या एकदांडीच्या दोन फुलांवर, ठिपके मोजून ओळखता आल्या. वहीत त्याच वळणाच्या आधीच्या सहा नोंदी ‘जात अनिश्चित’ आहेत.