इंग्रजी विक्शनरी : युरोपीय भाषांत ‘डॉल्फिन’ शोधताना

भाषांतर करणाऱ्यांसाठी फुकट मिळणाऱ्या साधनांत इंग्रजी विक्शनरी हा इंटरनेटवरचा शब्दकोश फार कामाचा आहे. तो कसा वापरायचा, हे ‘डॉल्फिन’सारख्या शब्दावर चांगलं कळतं.

नोंदीत भाषांतरांच्या चौकटी मिटलेल्या असतात. इंग्रजीत डॉल्फिन म्हणजे समुद्रातला सस्तन प्राणी, माही-माही हा मासा, शिवाय बंदरात जहाज बांधायचा खांबसुद्धा. म्हणून चौकटीवर लिहिलेला अर्थ आधी वाचावा, मग ती उघडावी. घाईत इथेच घोटाळा होतो.

यादी वाचायला मोठी मजा येते. ग्रीक ‘देल्फिस’वरून लॅटिन ‘डेल्फिनुस’, त्यावरून इटालियन ‘देल्फिनो’, स्पॅनिश ‘देल्फिन’. पोर्तुगीज ‘गोल्फिन्यु’ही त्याच घराण्यातला, फक्त तोंडवळा बदललेला. बास्क ‘इसुर्दे’ मात्र या गोतावळ्यात बसत नाही. ग्रीक शब्दाच्या व्युत्पत्तीत ‘देल्फुस’ म्हणजे गर्भाशय सापडतं, आणि आपला ‘गर्भ’ त्याचाच नातलग. पिल्लाला जन्म देणाऱ्या या प्राण्याला हे नाव किती चपखल आहे!

पण चौकटीतला शब्द तसाच उचलू नये. त्यावर टिचकी मारून त्या भाषेची नोंद उघडावीच. जर्मनमध्ये ‘देर डेल्फिन’ म्हणजे प्राणी आणि ‘दास डेल्फिन’ म्हणजे पोहण्याचा प्रकार, एवढा फरक एका लिंगाने पडतो. १९९६च्या शुद्धलेखन-सुधारणेनंतर तिथे ‘एफ’ आणि ‘पीएच’ ही दोन्ही स्पेलिंगं चालतात. एका मजकुरात एकच ठेवावं. डॉल्फिनसाठीचा फ्रेंच शब्द ‘दोफँ’ राजाच्या वारसाची पदवीही होता, त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकात तो दिसला तर प्राणी समजून चालणार नाही. डॉल्फिनचा भाऊबंद पॉरपॉइज शोधताना डॅनिश ‘मार्स्विन’ जपून वापरावा, कारण गिनीपिगलाही तोच शब्द आहे.

मांडणीतली एक गोष्ट खटकते. क्रोएशियन स्वतंत्र नावाने सापडत नाही, ती सर्बो-क्रोएशियनखाली शोधावी लागते. सर्बियन मजकुरात ‘देल्फिन’ चालेल, क्रोएशियनसाठी ‘दुपिन’च हवा. नवख्या माणसाला हे चटकन लक्षात येत नाही.

देवनागरीत नाव लिहायचं असेल तर स्पेलिंगवर विसंबू नका, उच्चारचिन्हं बघा. फ्रेंच शब्द ‘डॉफिन’ नव्हे, ‘दोफँ’ असा लिहावा.