१९ किलोचा ॲम्प्लिफायर

घाटंजी तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. दर जूनमध्ये काउंटरवरून मी एकच पाढा म्हणतो: पक्कं बिल घ्या, पिशवी फेकू नका, टॅग जपा, मूठभर बियाणं पिशवीतच राहू द्या, उद्या उगवलं नाही तर तक्रारीला काहीतरी हातात पाहिजे. बोगस बियाण्यानं बसलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. आणि याच मी ३४ हजारांचा ॲम्प्लिफायर बिलाशिवाय घेतला. घरात हा विषय निघाला की बायको जास्त काही बोलत नाही. फक्त विचारते, "टॅग कुठाय?"

स्पीकर मात्र चांगले होते, हे आधी सांगतो. नागपूरचे एक निवृत्त गृहस्थ मुलाकडे पुण्याला राहायला चालले होते, त्यांच्याकडून घेतले. कमरेएवढ्या उंचीचे, तीन ड्रायव्हरचे, म्हणजे आवाज काढणारे तीन भाग असलेले, ८ ओम रोधाचे. मागच्या पट्टीवर संवेदनशीलता ८६ डेसिबल लिहिलेली. त्या पट्टीकडे मी तेव्हा नीट पाहिलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. गृहस्थ म्हणाले होते, "गोड आहेत, पण खादाड आहेत. ताकदीचा ॲम्प लावा." घरी लहान रिसीव्हर होता. त्यावर आमच्या मूर्तिजापूरचे वसंतराव देशपांडे लावले की तान वर चढायची, पण तबल्याला अंगच नसायचं. कापसाची पहिली वेचणी झाली, दुकानाची उधारी थोडी वसूल झाली आणि मी ॲम्प शोधायला लागलो.

मी अगदीच अडाणी नव्हतो, हेच तर दुखणं आहे. पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, हजार वॅट म्हणजे हवा, हे मला माहीत होतं. त्या आकड्याला कुठलंच बंधनकारक मानक नाही, ज्याला जे वाटेल ते तो छापतो. अमेरिकेत तर या वॅटच्या बाजाराला कंटाळून सरकारनं १९७४ साली नियमच केला होता, की घरगुती ॲम्पची ताकद सांगायची तर ती सलग देता येणारी सांगा आणि किती ओमवर, आवाजाच्या किती विकृतीसह, तेही लिहा. हे सगळं मी वाचलं होतं. आणखी एक गोष्ट वाचली होती, की सॉलिड-स्टेट ॲम्प वजनावर पारखावा. खरी ताकद मोठ्या ट्रान्सफॉर्मरमधून येते, उष्णता मोठ्या हीटसिंकमधून जाते, आणि तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम यांना वजन असतंच. साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या ॲम्पपुरती गोष्ट खरी आहे. पण ती विकणाऱ्यालाही माहीत असते.

फोनवर एका असेंबल करून विकणाऱ्याचा व्हिडिओ दिसला. काट्यावर ठेवलेला काळा ॲम्प, आकडा १९ किलो. झाकण उघडं, आत गोल काळा डबा, त्यावर टोरॉइडल, ५०० व्हीए असं स्टिकर, म्हणजे आत कडीसारखा गोल, ताकदीचा ट्रान्सफॉर्मर. हीटसिंकवर तोशिबा छापलेले सी५२०० आणि ए१९४३ ट्रान्झिस्टर, एका बाजूला चार जोड्या, दुसऱ्या बाजूला चार. मी फोन केला.

"दादा, ३०० वॅट आरएमएस हाय, एकेका चॅनलले," तो म्हणाला. आरएमएस म्हणजे सलग देता येणारी ताकद, आणि चॅनल म्हणजे एकेका स्पीकरची बाजू. "पीएमपीओ नाई सांगून रायलो मी. येऊन आयका, मंग बोला."

गेलो नागपूरला. त्याच्या खोलीत दोन मोठे स्पीकर होते, १५ इंची वूफर आणि वर हॉर्न, मंडपात ठेवतात तसले. आधी त्यानं वरातीतलं गाणं लावलं. खिडकीची काच थरथरली, माझ्या सदऱ्याची बटणं थरथरली. मग मी नेलेले वसंतराव लावले. मीटरचे निळे काटे ३०० पर्यंत उड्या मारत होते. मी ॲम्प दोन्ही हातांनी उचलून पाहिला. युरियाचं पोतं ४५ किलोचं आणि डीएपीचं ५०, हे माझ्या हातांना न सांगता कळतं. १९ किलो बरोबर १९ किलोच होतं. त्या क्षणी मी मनातून पैसे देऊन मोकळा झालो होतो.

"बिल पाह्यजे तं जीएसटी लागन, पाहा दादा," तो म्हणाला. आगाऊ ५ हजार फोनवरून दिले होते, उरलेले २९ हजार रोख दिले. वॉरंटी म्हणून एका चिठ्ठीवर '१ वर्ष' लिहून खाली फराटा मारला. शिक्का नाही, पत्ता नाही.

घरी हळू आवाजात ठीक वाजायचा. आठवडाभर तर मी खूशच होतो, कारण नवीन वस्तूला आपलाच कान सांभाळून घेतो. मग एका रविवारी आवाज चढवला, तर तबल्याऐवजी पत्र्याचा डबा वाजवल्यासारखं आलं आणि वरचे सूर खरखरले. त्याला फोन केला. त्यानं विचारलं, "गावात व्होल्टेज किती हाय?"

हा प्रश्न त्यानं काय नेमका विचारला! रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी सुरू झालं की आमच्याकडे संध्याकाळी काटा १६५ वर येतो. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्पमध्ये आतलं व्होल्टेज त्याच प्रमाणात पडतं आणि ताकद वर्गाच्या हिशेबानं, म्हणजे २३० चे १६५ झाले की वॅट जवळपास निम्मे. हेही खरंच आहे. फसवणारा खोटं फार कमी बोलला, हे मला नंतर कळलं. मी साडेचार हजारांचा स्टॅबिलायझर आणला. खरखर तशीच. "वायर बदलून पाहा." बदलली. "नवीन हाय ना, मोकळा होऊ द्या." मोकळा होऊ दिला. यात दोन महिने गेले, आणि एका रात्री उजव्या स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे वरचे सूर काढणारा भाग, गप्प झाला. चार दिवसांनी डावा.

तालुक्याच्या गावी एक जुने रेडिओ मिस्त्री आहेत, सगळे त्यांना काकाच म्हणतात. ॲम्प टेबलावर ठेवल्यावर त्यांनी झाकणाला हातही लावला नाही. मागं वळवला, फ्यूजची टोपी फिरवली, काचेची नळी उजेडात धरली आणि माझ्या हातात दिली. १ अँपिअर.

"वाचा."

"एक."

"एक गुणिले दोनशे तीस?"

दोनशे तीस वॅट. हिशेब एवढाच. दोन चॅनलचे ६०० वॅट बाहेर द्यायचे तर या जातीच्या ॲम्पमध्ये तिसरा हिस्सा तरी उष्णतेत जातो, म्हणजे भिंतीतून नऊशेच्या आसपास घ्यावे लागतात, चार अँपिअर. पूर्ण जोरात वाजला असता तर एकचा फ्यूज टिकलाच नसता. माझा दोन महिन्यांत एकदाही उडाला नव्हता. ही टोपी विकणाऱ्याच्या खोलीत मला हातानं फिरवता आली असती, पेचकससुद्धा लागला नसता.

मग त्यांनी खरी परीक्षा घेतली, आणि ती मी तशीच्या तशी सांगतो, कारण कुठल्याही गावात करता येईल. हजार वॅटच्या हीटरची कॉइल साधारण ५३ ओमची असते. काकांनी नवी कॉइल मल्टिमीटरवर मोजून ८ ओमचे दोन तुकडे कापले आणि पाण्याच्या बादलीत सोडले. हे झाले खोटे स्पीकर, जळायची भीती नाही, कानालाही त्रास नाही. (वायर जोडल्यावर ॲम्प चालू असताना बादलीत हात घालू नका, हे वेगळं सांगायला नको, पण दुकानदार आहे, सांगतो.) फोनमधून ५० हर्ट्झचा एकसुरी आवाज सोडला. स्वस्त मल्टिमीटर याच पट्टीत खरं बोलतो, म्हणून ५०. दोन्ही कॉइल जोडलेल्या, एकीच्या बाजूला मोठा रेझिस्टर लावून एक टीचभर स्पीकर, कान देण्यापुरता. आवाज हळूहळू वाढवत गेले. गुणगुण जिथं फाटायला लागली तिथं थांबले. मीटरवर ११.६ व्होल्ट.

११.६ चा वर्ग भागिले ८. कॅल्क्युलेटरवर मी दोनदा केलं. पावणेसतरा वॅट. ३०० साठी तिथं ४९ व्होल्ट दिसायला हवे होते.

मग झाकण उघडलं. गोल डब्याचे स्क्रू काढले, तर आत टोरॉइडल नव्हताच. मुठीएवढा साधा चौकोनी ट्रान्सफॉर्मर, १८-०-१८ चा, आणि त्याच्या चहूबाजूंनी ओतलेलं सिमेंट. काकांनी पेचकसानं खरवडलं तर भुकटी पडली. हीटसिंकवर प्रत्येक बाजूच्या चार जोड्यांपैकी एकच जोडी सर्किटला लागलेली, बाकी तिन्ही जोड्यांचे पाय मागून कापलेले, नुसत्या स्क्रूनं बसवलेल्या, शोभेला. त्यातला एक काकांनी पकडीनं फोडला आणि खोक्यातला जुना, जळालेला पण अस्सल सी५२०० शेजारी फोडून ठेवला. अस्सलमधली चिप हरभऱ्याच्या डाळीएवढी. माझ्यातली तिळाएवढी. निळे काटे तर आवाजाच्या बटणावरच नाचत होते, वॅटशी त्यांचा संबंध नव्हता.

"लहान गोऱ्हा मोठ्या बंडीले जुपला तुमी," काका म्हणाले. ताकद संपली की लहान ॲम्प तरंगांची टोकं सपाट कापतो, आणि त्या कापाकापीतून वरच्या पट्टीची जी फालतू ऊर्जा निघते ती ट्वीटरच्या केसाएवढ्या तारेवर जाऊन बसते. मोठ्या ॲम्पनं स्पीकर उडतो असं आपण समजतो, माझे लहान ॲम्पनं उडाले.

घरी आल्यावर बाबांना सिमेंटचा गोळा दाखवला. त्यांनी तो हातात फिरवून पाहिला. "सिमेंटच पाह्यजे होतं तं गडचांदूरच्या कारखान्यात जाचं होतं. नागपूरले काहून गेल्ता?"

मला मात्र एक कोडं सुटत नव्हतं. पावणेसतरा वॅटवर त्याच्या खोलीतली काच कशी थरथरली? उत्तर त्या ८६ च्या पट्टीत होतं. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती आवाज येतो, तो हा आकडा. मंडपातले हॉर्नवाले स्पीकर सहज ९८ च्या घरात असतात. फरक १२ डेसिबल. दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट लागते, म्हणजे १२ ला सोळापट. त्याच्या स्पीकरवर पावणेसतरा वॅट जो दणका देतात तोच माझ्यावर यायला २७० वॅट लागले असते. त्यानं मला आवाजही खराच ऐकवला होता, फक्त दुसऱ्याच्या स्पीकरवर. माझे स्पीकर मी घरी ठेवून गेलो होतो. बियाण्याची उगवण दुसऱ्याच्या वावरात पाहून पिशवी घ्यावी, तसं.

पैशांचं काय झालं ते थोडक्यात. पहिल्या फोनला तो म्हणाला, आणा, पाहून देतो. दुसऱ्याला म्हणाला, तुम्ही उघडलं, वॉरंटी गेली. तिसरा लागलाच नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, नागपूरला खेपा घालायची गरज नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. यवतमाळच्या आयोगात कागद दिले आहेत: ५ हजारांचा ऑनलाइन व्यवहार, त्याचे '३०० आरएमएस' लिहिलेले मेसेज, काट्याचा व्हिडिओ, काकांचं मोजमाप. २९ हजार रोख दिल्याचा कागद नाही. तारीख पडली आहे.

ट्वीटरची जोडी ३,८०० ला पडली. ॲम्प नंतर जुनाच घेतला, चॅनलला ६० वॅटचा, अकोल्याच्या एका शिक्षकांकडून. या वेळी छोटा हत्ती भाड्यानं करून माझे स्पीकर त्यांच्या ओसरीवर नेले. त्यांच्या बायकोनं विचारलं, लग्न कोणाचं आहे? दोन तास वाजवला, फ्यूज वाचला, मागच्या पट्टीवरचे वॅट वाचले, काकांची कॉइल सोबत होतीच. ८ ओमवर २२ व्होल्ट निघाले, म्हणजे साठ वॅट आणि वर थोडे. वजन ११ किलो. माझ्या बारा बाय चौदाच्या खोलीला ३०० कधी लागणारच नव्हते. तबल्याला आता अंग आहे. शिक्षकांनी साध्या कागदावर तारीख, नंबर, रक्कम लिहून सही दिली. मी मागितली नव्हती.

परवा फोनवर तोच काटा पुन्हा दिसला. या वेळी ॲम्प सोनेरी आहे आणि आकडा २२ किलो. खाली एकानं भाव विचारला आहे, दुसऱ्यानं लिहिलंय, 'भाऊ, वर्ध्याला पाठवाल का?'