व्हायलला क्रिंप टोपण की स्क्रू टोपण?

शिवाजी विद्यापीठात प्रोजेक्ट करणाऱ्या भाचीने विचारलं, "मामा, गॅस क्रोमॅटोग्राफीसाठी कुठली टोपणं मागवू?" गॅस क्रोमॅटोग्राफी म्हणजे नमुन्याची वाफ करून त्यातले घटक वेगळे करून मोजणं; नमुना भरायची छोटी बाटली म्हणजे व्हायल. भाचीचे नमुने मळीपासून केलेल्या अल्कोहोलचे, म्हणजे उडून जाणारेच.

गळतीच्या बाबतीत ॲल्युमिनियमचं क्रिंप टोपण, म्हणजे क्रिंपर नावाच्या अवजाराने व्हायलच्या तोंडावर दाबून बसवायचं टोपण, सरस. पण हात बसावा लागतो. दाबल्यावर टोपण बोटांनी फिरवून बघायचं. फिरलं तर सैल आहे. सेप्टम (टोपणातली मऊ चकती, सुई हिच्यातूनच आत जाते) मधोमध खोल दबला किंवा टोपणाची कड चुरगळली, तर क्रिंपर जास्त घट्ट लावलाय. त्याचा स्क्रू थोडा सैल करायचा. मी रोज पहिली व्हायल अशी तपासल्याशिवाय पुढची भरत नाही.

स्क्रू टोपणाला अवजार लागत नाही, नवशिक्यालाही जमतं. इथेही चूक एकच, जोर लावून पिळणं. सेप्टम आत वाकतो आणि सील बिघडतं. बोटांना अडल्यासारखं वाटलं की थांबावं.

खर्च? क्रिंपला क्रिंपर आणि टोपण काढायचा डीक्रिंपर आधी घ्यावे लागतात. टोपण मात्र दोन्हीकडे एकदाच वापरायचं. सुई गेली की सेप्टमच्या एका बाजूला असलेल्या टेफ्लॉनच्या थराला भोक पडतं. नमुना ठेवायचा तर टोपण बदला. टेफ्लॉनची बाजू नमुन्याकडेच हवी.

मापं बघून घ्या. २ मिलीच्या व्हायलला स्क्रू बहुधा ९ मिमी, क्रिंप ११ मिमी.

भाचीला क्रिंप सांगितलं. उडून जाणारे किंवा दिवसेंदिवस ठेवायचे नमुने असतील तर तेच घ्या. रोजची पाण्यातली, त्याच दिवशी संपणारी एचपीएलसी (वाफ न करता द्रवातच घटक वेगळे करणारी क्रोमॅटोग्राफी) असेल, तर स्क्रू पुरे.