बडोद्याहून दीव, दोन लहान मुलांसह: एका प्रवास कार्यालयाने आखून दिलेल्या सहलीचे परीक्षण

लहान मुलांना समुद्र दाखवायचा आणि रजा मात्र थोडीच आहे, असा प्रसंग आला की बडोद्यातल्या मराठी घरांत बहुधा दीवचे नाव निघते. दमण जवळ असले तरी देवका किनाऱ्यावर खडक फार आहेत आणि गोवा छोट्या रजेत बसत नाही. आमच्या घरी साडेतीन वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सोबतीला सासूबाई, असा लवाजमा असल्यामुळे या वेळी सहलीची आखणी दांडिया बाजारातील एका प्रवास कार्यालयाकडे सोपवली. पुढे एका उणिवेचाही उल्लेख येणार असल्यामुळे कार्यालयाचे नाव लिहीत नाही. लहान मुलांच्या सहलीची आखणी कशी असावी आणि ती करून घेताना काय विचारावे, हे इतर पालकांना कळावे एवढाच हेतू आहे.

पैशांची बोलणी सुरू होण्याआधीच तिथल्या काकांनी विचारले, "ताई, धाकटी दुपारी किती वाजता झोपते?" मी सांगितलेली वेळ त्यांनी कागदाच्या मधोमध लिहिली, तिच्याभोवती चौकट काढली आणि सहलीच्या प्रत्येक दिवशी ती चौकट तशीच मोकळी ठेवली. मुलांना गाडी लागते का, रात्री किती वेळा उठतात, बाहेरचे दूध चालते का, सासूबाईंना जिने चढवतात का, हे प्रश्न त्यानंतर आले. कोणती स्थळे पाहायची आहेत हे त्यांनी सर्वांत शेवटी विचारले, आणि मी सांगितलेल्या यादीतली निम्मी स्थळे समजावून सांगून खोडली. सासणगीरची सफारी दीवच्या सहलीला जोडून विकण्याची पद्धत आहे, परंतु तिच्यासाठी परवाना आधी काढावा लागतो, सकाळच्या फेरीला मुलांना अंधारात उठवावे लागते आणि सिंह दिसेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही, असे सांगून त्यांनी ती स्वतःहून वगळली. ज्या कामात त्यांना दोन पैसे अधिक मिळाले असते ते काम त्यांनी नाकारले, याची नोंद मला आवर्जून करावीशी वाटते.

प्रवासाच्या बाबतीतही त्यांचा सल्ला योग्य ठरला. बडोद्याहून दीव रस्त्याने चारशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि भावनगर, महुवा, उना या वाटेने दिवसभर गाडीत बसून राहणे लहान मुलांना झेपत नाही. रात्री निघणाऱ्या स्लीपर बस आहेत, पण मुलाला मध्यरात्री लघवीला जायचे असेल तर बस थांबवून घेण्यावाचून इलाज नसतो. त्यामुळे त्यांनी वेरावळची रात्रीची रेल्वेगाडी सुचवली. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, मात्र तिकिटाशिवाय त्याला स्वतंत्र बर्थही मिळत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे भरावे लागते. हा हिशेब मांडून त्यांनी मुलीसाठीही पैसे भरून खालचा बर्थ घ्यायला लावला. सुरुवातीला तो खर्च अनाठायी वाटला. परंतु सगळेच रात्रभर झोपू शकल्यामुळे वेरावळहून कोडीनार, उनामार्गे दीवपर्यंतचा सुमारे नव्वद किलोमीटरचा रस्ता मुलांनी खिडकीबाहेर पाहत आनंदात पार केला.

या आखणीचे खरे सामर्थ्य किनाऱ्याच्या निवडीत दिसले. दीवचा सर्वांत प्रसिद्ध किनारा नागवा हा घोड्याच्या नालेच्या आकाराचा असून त्याच्या काठची होका जातीची फांद्या फुटलेली ताडाची झाडे पाहण्यासारखी आहेत. परंतु गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि दीव केंद्रशासित प्रदेशात असल्यामुळे तिथे ती नाही, त्यामुळे शनिवार-रविवारी नागव्यावर पार्टीसाठी आलेल्या तरुणांची गर्दी असते आणि मोटारबोटी, पॅराशूट यांची लगबग चालते. आम्हाला म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवसांत आणि मुख्यतः घोघल्याच्या किनाऱ्यावर पाठवले गेले. घोघला दीव बेटाच्या समोर, मुख्य भूमीच्या बाजूला असून पुलाने बेटाशी जोडलेले आहे. २०२० मध्ये भारतातील ज्या आठ किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग हे आंतरराष्ट्रीय मानांकन पहिल्यांदा मिळाले त्यांत घोघला होता. या मानांकनासाठी पाण्याची नियमित तपासणी, स्वच्छतागृहे, जीवरक्षक अशा अटी पाळाव्या लागतात. लहान मुलांच्या आईला त्याचा अर्थ असा की वाळूने माखलेले मूल धुवायला आणि कपडे बदलायला जागा मिळते, आणि मूल "शू" म्हणाले की धावपळ होत नाही.

कार्यालयाने दिलेल्या कागदावर प्रत्येक दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेल्या होत्या. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे काल ज्या वेळी पाणी उथळ होते त्याच वेळी आजही असेल असे धरून चालता येत नाही, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणामुळे पाणी अधिक वर चढते. आम्हाला भरती उतरू लागल्यानंतरची वेळ दिली होती. त्या वेळी मागे राहिलेली वाळू ओली आणि घट्ट असते, तिच्यावर मुलांना पळता येते आणि किल्लेही बांधता येतात. इवल्याशा खेकड्यांनी बिळाभोवती काढून ठेवलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या माझ्या मुलाने पहिल्यांदा पाहिल्या आणि पोटावर पालथे पडून, श्वास रोखून, खेकडा पुन्हा बाहेर येण्याची वाट पाहत तो इतका वेळ थांबला की घरी त्याला इतके स्थिर बसलेले मी कधी पाहिले नव्हते. कमाटीबागेतल्या खेळगाडीत दोन फेऱ्यांनंतर कंटाळणारा हा मुलगा. अर्थात पाणी उथळ असले तरी मुलांना हाताच्या अंतरापलीकडे जाऊ देऊ नये आणि जीवरक्षक उभा असेल त्याच पट्ट्यात थांबावे, हे कागदावर ठळक अक्षरांत लिहिले होते, ते बरे केले.

दीवचा किल्ला मुलांसाठी सोपा नाही, आणि हे आम्हाला आधीच सांगितले गेले. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्याशी झालेल्या तहानंतर पोर्तुगीजांनी १५३५ मध्ये तो बांधायला घेतला. त्याच्या तीन बाजूंना समुद्र आहे, तटांवर जुन्या तोफा आहेत आणि वरून समुद्रातला पाणीकोठा हा छोटा किल्ला दिसतो. परंतु तटाला सगळीकडे कठडे नाहीत, म्हणून साडेतीन वर्षांच्या मुलीचा हात एक क्षणही सोडता येत नाही. ऊन उतरल्यावर थोडाच वेळ जावे आणि वरच्या तटावर मोठ्यांनी आळीपाळीने जावे, हा सल्ला आम्ही पाळला. फुदम येथील गंगेश्वराला सासूबाईंना विशेष समाधान लाभले. भरतीच्या लाटा येऊन पाच शिवलिंगांना न्हाऊ घालतात हे पाहताना मुलेही हात जोडून उभी राहिली. मात्र तिथले खडक निसरडे आहेत. खुकरी स्मारकावर मुलाने बरेच प्रश्न विचारले. ९ डिसेंबर १९७१ रोजी ही युद्धनौका दीवजवळच्या समुद्रात बुडाली आणि कप्तान महेंद्रनाथ मुल्ला नौका न सोडता तिच्यासोबत गेले, एवढे मी त्याला सांगितले. नायडा गुहा आणि चर्च यांच्यापुढे कागदावर "मुले ताजी असतील तरच" असे लिहिले होते. मुले ताजी नव्हती, त्यामुळे आम्ही गेलो नाही.

राहण्याची जागा ठीक होती. नाश्ता उशिरा सुरू होत असे आणि मुले त्याच्या बऱ्याच आधी उठत, परंतु कार्यालयाने आधीच कळवून ठेवल्यामुळे स्वयंपाकघरातून मुलांसाठी सकाळी दूध आणि रात्री मऊ खिचडी-दही न मागता येत असे.

आता उणीव. वेरावळहून ठरवलेली मोटार स्वच्छ होती आणि चालक सौम्य होता, पण मागच्या आसनावर घातलेले रेक्झिनचे कव्हर असे घट्ट शिवलेले होते की सीटबेल्टची कुलपे त्याच्याखाली पूर्ण गाडली गेली होती. वरून पट्टा ओढता येत होता, पण अडकवायला जागाच नव्हती. मुलांसाठी पट्ट्यांची सोय असलेली गाडी हवी, हे मी बडोद्यातच स्पष्ट सांगितले होते. झोपेची वेळ चौकटीत लिहिणाऱ्या माणसांनी ही गोष्ट केवळ तोंडी ऐकून सोडून द्यावी, हे मला खटकले, कारण संपूर्ण सहलीत मुलांच्या जिवाला सर्वांत अधिक धोका समुद्रापेक्षा रस्त्यावरच असतो. फोन केल्यावर त्यांनी सबबी सांगितल्या नाहीत आणि दुसऱ्या दिवशी चालकाने आमच्यासमोर कव्हर उसवून कुलपे मोकळी केली. तरीही सकाळचा तो नव्वद किलोमीटरचा रस्ता मुलांना आम्ही हातांनी धरून काढला होता.

परतीच्या दिवशी सोमनाथचे दर्शन ठेवले होते, हेही विचारपूर्वक केले होते. मंदिरात मोबाइल आणि पिशव्या नेता येत नाहीत, त्या बाहेर ठेवाव्या लागतात. येतानाच, सामानासह आणि रात्रभरच्या प्रवासानंतर, हे केले असते तर मुलांची फरपट झाली असती.

स्वतः तिकिटे आणि खोल्या ठरवल्या असत्या तर खर्च थोडा कमी झाला असता, परंतु पाच वर्षांखालचे मूल आणि घरातले वडीलधारे माणूस सोबत असेल तर वरचे पैसे देण्यासारखी ही सेवा आहे, असे माझे मत आहे. मुले मोठी असतील तर तिची गरज नाही. उत्तरायणानंतरचे दिवस निवडावेत, मात्र २६ जानेवारीला जोडून येणाऱ्या सुट्ट्या टाळाव्यात. दिवाळीपासून लाभपंचमीपर्यंत तर सारा गुजरात फिरायला बाहेर पडलेला असतो, आणि पावसाळ्यात समुद्रात उतरायला मनाई असते. या कार्यालयाकडे किंवा अशा कोणत्याही कार्यालयाकडे गेलात तर गाडीच्या मागच्या आसनाचे पट्टे अडकवता येतात याचे छायाचित्र पैसे भरण्यापूर्वी मागून घ्यावे.