आजोबांच्या नोटा, फोर्टातलं दुकान

पोथीत सापडलेल्या आजोबांच्या सात नोटा घेऊन जुन्या नोटांच्या दुकानात गेले. दुकानदार काकांचा पहिलाच प्रश्न, "इस्त्री नाही ना फिरवली?" मी गप्प. फिरवली होती!

सहाव्या जॉर्जची, चिंतामणराव देशमुखांच्या सहीची १० ची नोट त्यांनी दिव्यासमोर धरली. टाचणीची दोन भोकं, घडीवर शाई उडालेली. म्हणजे नोटेच्या अवस्थेच्या प्रतवारीत 'व्हेरी फाइन' नाही, त्याखालची नुसती 'फाइन'. इस्त्रीने कागदाचा कडकपणाही गेलेला. मनमोहन सिंग अर्थसचिव असतानाची १ रुपयाची मात्र कोरी करकरीत. पण भाव? "भरपूर छापल्यात हो, ताई."

तपासायचे पैसे घेतले नाहीत, समजावलंही छान. फक्त किंमत कागदावर लिहून देईनात, आणि विकत घ्यायची भारी घाई. देशमुखांची नोट परत आणली.