टेरी कॅलिअरची रेकॉर्ड : सात महिन्यांनंतर

आधीच कबूल करतो, घेतल्यावर महिनाभरात ही रेकॉर्ड विकायला काढली होती.

बीबीसीवरचा डीजे जाइल्स पीटरसन शिकागोचा सोल गायक टेरी कॅलिअर याचं नाव इतक्या मायेनं घेतो, की न ऐकताच त्याच्या सत्तरच्या दशकातल्या ‘व्हॉट कलर इज लव्ह’ या अल्बमची नव्यानं छापलेली एलपी मागवली. पहिल्यांदा लावली ती रविवारी सकाळी, एकीकडे पोहे परतत. पहिलंच गाणं जवळजवळ ९ मिनिटांचं, आणि सुरुवात इतकी हळुवार, की कांद्याच्या चरचरीत काही पोचेना. आवाज वाढवला, तर मध्येच सगळा वाद्यवृंद अंगावर आला. सोल हे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं संगीत म्हणजे पाय थिरकवणारं, ही माझी समजूत. हे तर धड लोकसंगीत नाही, धड जॅझ नाही!

मग एकदा घर झोपल्यावर हेडफोन लावून ऐकली. संगीत संयोजक चार्ल्स स्टेपनीचा वाद्यमेळ नुसती सजावट नाही, हे तेव्हा कळलं. कॅलिअर बोलल्यासारखा गाता गाता आर्त टिपेला जातो, तेव्हा वाद्यं त्याच्याबरोबर चढतात आणि त्याच्याबरोबरच उतरतात. दुसऱ्या बाजूचं युद्धविरोधी ‘हो त्सिंग मी’ ऐकून तर सुई उचलून बसून राहिलो. त्याच बाजूचं पहिलं प्रेमगीत मात्र अजूनही गुळचट वाटतं.

नंतर त्याची हकीकत वाचली. मुलीला सांभाळायचं म्हणून १९८३मध्ये गाणं सोडलं, प्रोग्रामिंग शिकला, शिकागो विद्यापीठात नोकरीला लागला. इकडे लंडनचे डीजे त्याची जुनी गाणी वाजवत होते. हा सुट्टी टाकून तिकडे जाऊन गायचा, परत येऊन कामाला बसायचा, आणि ऑफिसात कुणाला पत्ता नाही. १९९८मध्ये पीटरसनच्याच ‘टॉकिन लाउड’ या रेकॉर्ड कंपनीनं त्याचा ‘टाइमपीस’ हा नवा अल्बम काढला. मीही कोड लिहूनच पोट भरतो, त्यामुळे हे जरा जास्तच लागलं.

तक्रार एकच, पण मोठी. माझी प्रत कडेला किंचित वाकलेली आली आणि विक्रेत्यानं उत्तरच दिलं नाही. सुरुवातीच्या शांत भागात चरचर येते, ब्रश फिरवूनही पूर्ण जात नाही. टर्नटेबल साधा असेल, तर डिजिटलवरच ऐका.

विक्रीची जाहिरात अजून तशीच आहे. दोघांनी किंमत विचारली, मी अजून कळवलेली नाही.