न्यूयॉर्कच्या ज्यू वस्तीची ऑनलाइन टूर घेतली, घ्यावी का? घ्याच!

लोअर ईस्ट साइडची लाइव्ह टूर आहे, गाईड मोबाईल घेऊन रस्त्यातनं चालतो आणि आपण कोल्हापुरात घरी टीव्हीला जोडून बघायचं. रात्री साडेआठला सुरू, तिथं सकाळचे अकरा.

सुरुवात 1654 पासून. ब्राझीलच्या रेसिफेहून 23 ज्यू लोक आले, तेव्हा न्यूयॉर्क डचांच्या ताब्यात होतं, तिथला डच गव्हर्नर स्टायव्हेसंट त्यांना ठेवून घ्यायला तयार नव्हता, पण वसाहत चालवणाऱ्या डच वेस्ट इंडिया कंपनीनं वरनं कळवलं की राहू देत, फक्त त्यांच्यातल्या गरिबांचं त्यांनीच बघायचं. हा भाग जरा पळवला.

खरी टूर 1881 नंतरची. रशियात झारचा खून झाला, ज्यूंवर हल्ले सुरू झाले आणि 1924 च्या कायद्यानं दार बंद होईपर्यंत पूर्व युरोपातनं वीसेक लाख ज्यू अमेरिकेत आले, त्यातले कितीतरी याच गल्ल्यांत. ऑर्चर्ड स्ट्रीटची 97 नंबरची इमारत बाहेरनं दाखवली, 1863 ची, एवढ्याशा इमारतीत 1935 पर्यंत जवळपास 7000 माणसं राहून गेली. मला सगळ्यात भिडलं ते लँड्समनशाफ्ट, म्हणजे एका गावच्या लोकांनी काढलेलं मंडळ. शिंपीकाम करणारी, हातगाडी ओढणारी माणसं थोडी थोडी वर्गणी टाकायची, त्यातनं आजारपणाला मदत, डॉक्टर, मेल्यावर दफनाची जागा. आपल्या दसरा चौकातली वेगवेगळ्या समाजांची विद्यार्थी बोर्डिंगं डोळ्यासमोर आली. इथं शाहू महाराज पाठीशी होते, तिथं पाठीशी कुणी राजा नव्हता, सगळं त्यांनीच उभं केलं, यासाठी त्या लोकांना मानलं पाहिजे.

ट्रँगल या कपडे शिवायच्या कारखान्याचा भाग तर मुलांना जवळ बसवून दाखवा. 1909 ला 23 वर्षांची क्लारा लेमलिक भर सभेत यिद्दिशमधून, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतनं बोलली आणि हजारो शिलाई कामगार पोरी संपावर गेल्या. ट्रँगलच्या मालकांनी युनियन मानलीच नाही. 25 मार्च 1911 ला तिथं आग लागली, नवव्या मजल्याचं एक दार कुलूपबंद, अग्निशमनच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या, 146 जीव गेले, बहुतेक ज्यू आणि इटालियन पोरी. इचलकरंजीत मागावर काम केलेल्या माणसाला यातलं काही वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

एल्ड्रिज स्ट्रीटचं 1887 चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आतनं दाखवलं, पडायला आलेलं होतं, वीस वर्षं दुरुस्ती चालून 2007 ला पुन्हा उघडलं. अप्रतिम.

तक्रार एवढीच की शेवटी कॅट्झ या खाण्याच्या दुकानाच्या पास्ट्रामी (मसालेदार मांसाच्या) सँडविचवर फार वेळ घालवला आणि फॉरवर्ड या यिद्दिश पेपरची बिल्डिंग नुसती लांबून दाखवली. त्या पेपरात 1906 पासून लोकांच्या घरगुती अडचणींना उत्तरं देणारं सदर होतं, त्यावर दहा मिनिटं तरी हवी होती. आवाज मधेमधे तुटतो. इंग्रजी मात्र सोपं आहे, दहावीच्या पोरांना सहज कळेल, प्रश्न विचारले तर गाईड थांबून नीट उत्तर देतो. नेट चांगलं असेल तरच बुक करा आणि उन्हाळ्यातच करा, नोव्हेंबरनंतर तिथलं घड्याळ बदलतं, मग इथं रात्री साडेनऊ होतात.